समेवर ‘आले’ की ‘पाणी’?

सतरा सप्टेंबर तोंडावर आला की मराठवाड्यातल्या शाळांना गाणं आठवतं. १९४८ साली याच तारखेला इथली निजामी राजवट संपली, म्हणून १५ ऑगस्टनंतर महिनाभरानेच इथे झेंडा पुन्हा चढतो आणि त्याच ठरलेल्या दोन-चार गाण्यांची तालीम पुन्हा सुरू होते. अशा वेळी नववीतलं एखादं पोरगं उठून म्हणालं, “मॅडम, या वर्षी ते गाणं नको. आपल्या वर्गातल्या मुलीनं जगत्तुंग समुद्र तलावावर कविता केलीय, तिला मी चाल लावलीय,” तर त्याला काय सांगायचं? शाबास म्हणून उभं करायचं, की आधी गाणं शीक म्हणून बसवायचं?

हा प्रश्न कंधारमधल्या दोन माणसांपुढे ठेवून पाहू. एक मामा. माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले संगीत शिक्षक, विशारद. घरी अजून मुलांकडून परीक्षांची तयारी करून घेतात. दुसरी त्यांची भाची. त्याच गावात विज्ञान शिकवते, आणि लहानपणी मामांकडे पेटी शिकली म्हणून शाळेचं गाणंही तिच्याच गळ्यात पडलेलं. मामा, भाची, तो मुलगा, सगळे मी रचलेले आहेत. गाव रचलेलं नाही, आणि गाण्याचे जे दाखले ते देतात तेही नाहीत.

मामा : ऐकलं मी मोबाईलवर. पोराचा कान चांगला आहे. पण त्याला चाल लाव म्हणून सांगितलं कुणी? प्रवेशिका तरी झाली का त्याची?

भाची : प्रारंभिकसुद्धा नाही, मामा. घरी पेटी नाही. वडील लग्नसराईत बॅन्डमध्ये वाजवतात. चाल लावायला त्याला कुणीच सांगितलं नाही. त्याची त्यानंच लावली.

मामा : मग घाई कशाची करायलीस? प्रारंभिक, मग प्रवेशिका, मध्यमा आणि विशारद, प्रत्येकी प्रथम आणि पूर्ण. सात परीक्षा, सात वर्षं. गांधर्व महाविद्यालय मंडळानं ही पायरी उगाच नाही घातलेली. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला शाळा काढली तेव्हा गाणं उस्तादाच्या मर्जीवर होतं. ते त्यांनी वर्गात आणलं, फळ्यावर आणलं. कुणाचंही लेकरू शिकू शकेल असं केलं. आज कंधारसारख्या गावातली पोरगी परीक्षा देते आणि दहावीला तिला वाढीव गुण मिळतात, ते त्या पायरीमुळं.

भाची : गुणांचंच तर दुखणं आहे. दहावीचा फॉर्म भरून झाला की पेटी माळ्यावर जाते. तुमच्या हाताखालून एवढी मुलं गेली. त्यातल्या किती जणांनी एक ओळ तरी स्वतःची केली?

मामा : करायची कशाला? आहे ते काय कमी आहे? एक यमन घेतला तरी जन्म पुरत नाही.

भाची : तुम्हाला पुरत नसेल. चौदा वर्षांच्या पोराला यमन पुरतो की नाही हे ठरवायचं कुणी? इंग्लंडमध्ये मुलं सोळाव्या वर्षी जीसीएसईची परीक्षा देतात. संगीत विषय घेतला तर ३० टक्के गुण गाण्या-वाजवण्याला, ३० टक्के स्वतः केलेल्या रचनांना आणि ४० टक्के ऐकून समजण्याला. रचना दोन द्यायच्या, दोन्ही मिळून किमान तीन मिनिटांच्या. त्यातली एक मंडळानं दिलेल्या विषयावर. तिथं कुणी म्हणत नाही की आधी बेथोव्हन संपव, मग बघू.

मामा : तिथल्या वर्गात पियानो आहे, शिक्षक आहे, आणि पोरगं पाचवीपासून स्वर लिहायला शिकलेलं असतं. तू शेवटची पायरी दाखवायलीस, खालच्या झाकून ठेवायलीस.

मामांचा हा वार बसतो. परदेशी अभ्यासक्रमाचे टक्के सांगणं सोपं. आपल्याकडे किती माध्यमिक शाळांत पूर्णवेळ संगीत शिक्षक उरला आहे, हे आपापल्या गावात पाहावं. भाचीही ते जाणते, म्हणून विलायतेचा नाद सोडून ती घरच्या दाखल्यांवर येते.

भाची : बरं, राहू दे इंग्लंड. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ आणि १८८२ साली ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणलं, तेव्हा त्यातल्या चाली कुठून आल्या? साकी, दिंडी, कीर्तनातली पदं, लावण्या, कर्नाटकातल्या चाली. ऐकलेलं उचललं, आपले शब्द घातले. मराठी नाट्यसंगीताचा पायाच असा घातला गेला. गोविंदराव टेंब्यांनी ‘मानापमान’च्या चाली दिल्या १९११ मध्ये. म्हणजे मधली तीस वर्षं मराठी माणूस दुसऱ्याच्या चाली अंगात घालून स्वतःची चाल शिकत होता. माझं पोरगं तेच करतंय.

मामा : फरक आहे, बाई. जुन्या नाटकाचं पुस्तक काढून बघ. पदाच्या वर छापलेलं असतं, ‘चाल : अमुक’. घेतली कुठून ते उघड सांगून घेतली. तुझ्या पोराला ठाऊकच नाही तो कुठून घेतोय. मला दुसऱ्या ओळीत भजनाची चाल ऐकू आली, आपल्याकडं सप्ताहात म्हणतात ती. त्याला वाटतं आपल्या डोक्यातून निघाली.

भाची : पहिली चाल सगळ्यांचीच आठवणीतून निघते.

मामा : निघू दे. पण आठवण ओळखायला शिकव. आजा कोण ते ठाऊक नसलं म्हणजे नातू स्वयंभू होत नाही. आणि सिनेमातलं उचललं तर तो कायद्याचाही प्रश्न आहे. संगीतकाराच्या मरणानंतर साठ वर्षं चालीवर हक्क राहतो आपल्या देशात. ‘नकळत झालं’ म्हणून तो सुटत नाही.

इथे माझं मत मामांकडे झुकतं. नकळत केलेली उचल ही नव्या संगीतकाराची पहिली खोड आहे आणि ती मोडायचा एकच उपाय आहे, पुष्कळ ऐकणं. पण ऐकायचं कधी? चाल करण्याआधी सात वर्षं, की चाल करून झाल्यावर, ती समोर ठेवून? दोघांचं खरं भांडण या वेळापत्रकावर आहे. पुढे ते त्या मुलाच्या चालीवरच येऊन ठेपलं.

मामा : त्या पोराच्या चालीत स्वर किती, मोजलेस?

भाची : पाच. सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही. भूप.

मामा : भूप म्हणायची घाई करू नकोस. परत ऐक. थांबतो कुठं? धैवतावर. घुटमळतो वरच्या अंगात. गंधार नुसता शिवून जातो. स्वर तेच पाच, पण भूपाचा जीव गंधारात आणि देशकाराचा धैवतात. भूप संध्याकाळचा, देशकार सकाळचा. पोरानं न शिकता देशकाराचा रस्ता धरलाय, आणि गाणं म्हणायचंय सकाळी, झेंड्यापुढं!

भाची : मग झालं की, मामा! तुमची सात वर्षं वाचली.

मामा : कुठं वाचली? तिसऱ्या ओळीत गंधारावर येऊन बसतो आणि सगळा भूप करून टाकतो. ओढ एकीकडं, पाऊल दुसरीकडं. त्याला स्वतःला कळतंय का कुठं घसरला? राग ठाऊक असता तर कळलं असतं.

भाची : आता कळेल. उद्या मी त्याला भूप ऐकवीन, देशकार ऐकवीन, आणि विचारीन, तुझी चाल कुणाकडची? स्वतःच्या चालीमुळं दोन राग एका दिवसात कानात बसतील. तेच आधी पाठ करायला लावले असते तर वादी-संवादी म्हणजे परीक्षेत लिहायचं एक वाक्य झालं असतं. मी सुद्धा लिहिलंय ते वाक्य. फरक कानाला कळला तो फार नंतर.

मामा : तो दोष माझ्या शिकवण्याचा म्हण.

भाची : मी तसं नाही म्हणत. नाव आधी सांगायचं की नंतर, एवढंच म्हणते. भातखंड्यांनी दहा थाट मांडले ते राग गायले जात होते म्हणून. कुमार गंधर्व आजारपणात देवासला पडून होते, तेव्हा माळव्यातल्या बाया गातात ती गाणी त्यांच्या कानावर आली. त्यातून त्यांनी धूनउगम राग काढले. धून आधी होती, रागाचं नाव नंतर आलं.

मामा : कुमारांचं नाव घ्यायचं तर पुरतं घे. ती गाणी ऐकायच्या आधी त्यांच्यापाशी देवधर मास्तरांची तालीम होती. ‘अनूपरागविलास’ १९६५ साली निघालं, तोवर किती घासलेला होता तो माणूस! बायांच्या गाण्यात राग दिसायला आधी राग डोळ्यांत असावा लागतो.

इथे दोघंही बरोबर आहेत आणि म्हणूनच वाद पुढे सरकत नाही. तो सरकला कवितेच्या पहिल्याच ओळीवर. ओळ साधी आहे: ‘तळ्यात आले पाणी बाई’. मात्रा मोजल्या तर आठ आणि आठ, सोळा. केरव्याची बरोबर दोन आवर्तनं. अशी ओळ हातात आली की कुणीही समेपासून उचलेल. मुलाने तसं केलं नव्हतं.

मामा : तो खालीपासून उचलतो. पाचव्या मात्रेवर ‘त’, सहा-सातवर ‘ळ्या’, आठवर ‘त’, आणि समेवर येतं ‘आले’. ‘पाणी’ बिचारं पुढच्या खालीवर. गाणं कशावर आहे? पाण्यावर. मग पाणी समेवर नको? सरळ समेपासून उचल म्हणावं. पहिल्या आवर्तनात ‘तळ्यात आले’, दुसऱ्याच्या समेवर नेमकं ‘पाणी’. साधा हिशेब आहे.

भाची : मीही त्याला हेच म्हटलं. तर म्हणाला, “मॅडम, पाणी पाणी तर आपण वर्षभर करतोच. येत कुठं असतंय?”

मामा : असं म्हणाला?

भाची : असंच. गाणं पाण्यावर आहे असं तुम्हाला-मला वाटतं. त्याला ते पाणी येण्यावर वाटतं. म्हणून सम ‘आले’वर, आणि त्याच ‘आले’वर तुमचा तो धैवत, ताणून धरलेला.

मामा : हं. आणि ‘बाई’? तीही समेवर पडते. भरीचा शब्द. समेवर भरीचा शब्द टाकू नये.

भाची : जात्यावरच्या ओवीत ‘बाई’ भरीची असते का? जिला सांगायचं ती बाई. तिच्यासाठी तर गाणं. तुमच्या आईच्या ओव्या आठवा.

मामांनी यावर उत्तर दिलं नाही. ते मी त्यांच्या बाजूने देतो. शब्द आणि ताल यांचं लग्न कसं लावावं यावर आपल्याकडे यशवंत देवांनी ‘शब्दप्रधान गायकी’ हे आख्खं पुस्तक लिहिलं आहे, आणि चाल लावणाऱ्याने पहिल्यांदा कविता वाचली पाहिजे यात शंका नाही. मामांनी कविता वाचली, विषय शोधला आणि विषयावर सम ठेवली. मुलाने क्रियापद शोधलं. कंधारचा तलाव राष्ट्रकूटांच्या काळातला, त्याला नावच ‘समुद्र’ दिलेलं. हजार वर्षांपूर्वी राजांनी इथे पाणी अडवायला एवढा खटाटोप केला, यावरूनच मुलखाचा पाऊस कसा ते कळतं. अशा गावच्या मुलाला ‘पाणी’पेक्षा ‘आले’ वजनदार वाटलं तर तो चुकला असं मी म्हणणार नाही. सात वर्षांच्या शिक्षणाने हा निर्णय त्याच्याकडून आणखी चांगला झाला असता का? कदाचित तो मामांसारखाच हिशेब करायला शिकला असता.

पण भाचीच्या तरफदारीतही एक भोक आहे. मुलाला ‘आले’ समेवर हवं होतं हे खरं, पण कडव्यांत काय केलं त्याने? तिथे त्याच उचलीवर शब्द बसवताना एका ठिकाणी सम ‘च्या’वर आली. तलावाच्या काठावर, यातल्या ‘च्या’वर! पहिली ओळ मनातून आलेली, बाकीची तिच्या मापात कोंबलेली. कवितेला चाल लावणारे शेकडो हौशी लोक या ‘च्या’वर येऊन आपटतात. मामांनी ते पकडलं नसतं तर ‘च्या’ तसाच झेंड्यापुढे गायला गेला असता.

मामा : ऐक. पोहायला शिकवायला पोराला विहिरीत ढकलतात हे मला मान्य आहे. पण पाठीला भोपळा बांधतात आधी.

भाची : मग भोपळा काय बांधायचा ते सांगा. सात परीक्षा हा भोपळा नाही, मामा, ती अख्खी विहीर बुजवणं आहे.

मामा : तबल्यात बघ. कायदा शिकवला की पलटे पोरानं स्वतः करायचे. पण कायद्यात जे बोल आहेत तेच वापरायचे, बाहेरचा एक बोल आणायचा नाही. खाली-भरी मोडायची नाही. एवढ्याशा अंगणात पोरगं दहा पलटे काढतं. ती रचनाच झाली की. मी त्याला रचना म्हणत नव्हतो, एवढंच.

भाची : आणि गाण्यात?

मामा : गाण्यात नांदेडला जाऊन बस. हुजूर साहिबमध्ये रागी कीर्तन करतात ते ऐक. ग्रंथसाहिबात वाणी ३१ मुख्य रागांत लावलेली आहे. आपल्या नरसीच्या नामदेवांची ६१ पदं आहेत त्यात. पदाच्या डोक्यावर रागाचं नाव आहे. पण स्वर लिहिलेले नाहीत. शब्द ठरलेले, राग ठरलेला, चाल रागी बांधतो किंवा गुरूकडून घेतो. तसं दे पोराला. ही ओळ, हे पाच स्वर, हा केरवा. आता बांध. बघू.

ही अट मला सगळ्या वादातली सर्वांत कामाची वाटते. ‘तुला हवं ते कर’ म्हटलं की मूल गोंधळतं किंवा सिनेमातलं गाणं काढतं. पाच स्वर, एक ठेका, एक ओळ म्हटलं की हात चालू लागतात. माध्यमिक शाळेच्या तासाला, तीस-चाळीस मुलांच्या वर्गात, पेटी नसतानाही हे करता येतं. एका बाकावरच्या चार मुलांना एक ओळ द्यायची, पुढच्या बाकाला तीच ओळ, आणि दहा मिनिटांनी प्रत्येक बाकाची चाल सगळ्या वर्गाने म्हणायची. वर्गाला उचलता आली नाही ती चाल गळाली. परीक्षकाची गरज नाही.

भाचीकडे मात्र आणखी एक मुद्दा होता, आणि तो तिने मुद्दाम मागे ठेवला होता असं मला वाटतं.

भाची : मामा, तुमच्या क्लासमधली मुलं, मुली नाहीत, मुलं, आठवी-नववीत का सोडून जातात?

मामा : आवाज फुटतो. दुसरं काय. प्रवेशिकेत काळी चारमध्ये गोड गाणारं पोरगं एक दिवस घोगरं होतं. वरचा सा लागत नाही, खालचा अजून आलेला नाही. वर्ग हसतो. ते परत येत नाही. आपण म्हणतो, आवाज बसू दे, मग ये. तोवर दहावी येते.

भाची : म्हणजे ज्या दोन वर्षांत गळा चालत नाही, त्या दोन वर्षांत आपण गळ्याशिवाय त्यांना दुसरं काही देत नाही. हा पोरगा गाऊ शकत नाही, मामा. मोबाईलवर ऐकलात तो आवाज त्याचा नाही, कविता लिहिणाऱ्या मुलीचा आहे. त्यानं शिट्टीवर चाल सांगितली, तिनं गायली. चाल लावणं ही एकच जागा आहे संगीतात, जिथं त्याला या वर्षी उभं राहता येतंय.

मामा : हे तू आधी का नाही सांगितलंस?

भाची : तुम्ही प्रवेशिका विचारलीत, आवाज नाही विचारलात.

मामांच्या चाळीस वर्षांच्या नोकरीत अशी किती मुलं गेली असतील? असे मामा खऱ्या मराठवाड्यात गावोगाव आहेत आणि प्रत्येकाकडून आठवीतली मुलं अशीच निसटतात. संगीत शिक्षणावर इतकं बोललं जातं, पण आवाज फुटण्याच्या काळात मुलांचं काय करायचं हा प्रश्न क्वचितच ऐकू येतो. तबला हे एक उत्तर आहे. चाल बांधणं हे दुसरं, आणि त्याला तबलाही विकत घ्यावा लागत नाही.

यानंतर मामा थोडे निवळले, पण मोबाईलवर त्यांचा राग कायम राहिला.

मामा : ते मागं काय लावलंय त्यानं? धडधड, धडधड.

भाची : बॅन्डलॅब नावाचं फुकटचं ॲप आहे. त्यात तयार ठेके मिळतात. एकावर एक आवाज चढवता येतात.

मामा : त्या ठेक्यात श्वास घ्यायला जागा आहे का? मुलगी दुसऱ्या कडव्याला धापा टाकायलीय. तबलजी असता तर तिच्या तोंडाकडं बघून थांबला असता. यंत्र कुणाच्या तोंडाकडं बघतं?

भाची : ठेका काढून टाकू. वडिलांना बोलावू, ते ढोलकी धरतील. पण ॲपनं एक केलं, मामा. त्यानं स्वतःची चाल बाहेरून ऐकली. तिसऱ्या ओळीत काहीतरी खटकतंय हे त्यानंच मला सांगितलं. भूप-देशकार ठाऊक नव्हतं, पण खटकलं त्याला.

मामा : मग स्वर लिहून काढायला लाव. लिहिता आली पाहिजे. उद्या मोबाईल पाण्यात पडला तर?

भाची : तुमच्या आईनं लिहिल्या होत्या ओव्या?

मामा : नाही लिहिल्या, म्हणून गेल्या! शब्द कुणी कुणी गोळा केले. चाली गेल्या.

मामा खरं बोलले. महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गी पॉइटव्हॅं, हेमा राईरकर आणि त्यांच्या सोबतच्या बायांनी टिपून ठेवल्या. पण आवाजात उतरवलेल्या ओव्या त्यामानाने थोड्या आहेत. शब्दांना वही पुरली; चालीला यंत्र लागलं, आणि ते गावोगाव पोचेपर्यंत बरीच जाती थांबली होती. म्हणून मी म्हणेन, स्वरलिपीही करावी आणि मोबाईलही चालू ठेवावा. यात वाद घालण्यासारखं काही नाही.

वडिलांचा प्रश्न उरतो, आणि लातूर-नांदेडात तो टाळून चालत नाही. इथे आठवीपासून घराघरात ‘नीट’चं बोलणं सुरू होतं, बाहेरच्या जिल्ह्यांतली मुलं शिकवणीसाठी इथे खोल्या घेऊन राहतात. चाल लावून पोट भरतं का? भाची म्हणाली, अजय-अतुल घ्या. रीतसर तालमीशिवाय, बॅन्डवाले आणि देवळातले वादक ऐकत शिकले आणि ‘सैराट’चं संगीत अमेरिकेत सिंफनी वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं. मामा म्हणाले, त्या वाद्यवृंदापुढे लिहिलेले कागदच ठेवावे लागतात, हेही मुलाला सांग. मला दोघांचीही ही दोन वाक्यं नको वाटली. हजारातल्या एकाचं नाव घेऊन नववीतल्या मुलाला आशा दाखवणं जितकं चूक, तितकंच त्याच्या छंदाचा लगेच हिशेब मांडणंही. मराठीतलं माझ्या आवडीचं उदाहरण वेगळं आहे. लता मंगेशकरांनी ‘आनंदघन’ या टोपणनावाने चाली दिल्या. ‘मराठा तितुका मेळवावा’ १९६३ चा, ‘साधी माणसं’ १९६५ चा. त्यांना त्यातून ना नाव हवं होतं ना पोट भरायचं होतं. चाल लावावीशी वाटली, लावली. नववीतल्या मुलाला एवढं कारण पुरे.

मामा : सतरा तारखेला गाऊ दे त्याचं गाणं. पण दोन अटी. ‘च्या’ समेवरून हलवायचा. आणि तिसऱ्या ओळीत गंधारावर बसायचं की नाही हे त्यानं ठरवायचं, मी नाही सांगणार. दोन्ही राग ऐकल्यावर ठरवू दे.

भाची : आणि ‘आले’?

मामा : ‘आले’ राहू दे समेवर. गाणं गावाला म्हणायचंय, मला नाही.

भाची : पट्टी कुठली धरायची? मुली काळी चारमध्ये गातील, पण मुलांचं काय?

मामा : वर तार सप्तकात जातच नाही ना चाल? मग खाली आण. पांढरी दोन धर. मुली थोड्या दबतील, पण मुलांना तोंड उघडता येईल. सगळ्या वर्गाचं गाणं आहे.

माझा कौल सांगून थांबतो. चाल लावायला परीक्षांची वाट पाहू नये. पण लावलेली चाल मामांसारख्या जाणत्या कानाखालून गेल्याशिवाय मंचावर नेऊ नये. गावात असा कान असतोच. निवृत्त संगीत शिक्षक, भजनी मंडळातला पेटीवाला, माळेगावच्या यात्रेत खंडोबापुढे उभा राहणारा वाघ्या, यांपैकी कुणीतरी सापडतं. त्याला शाळेत बोलावायला पत्र लागत नाही, निरोप पुरतो.

शाळांच्या मुख्याध्यापकांना एक विनंती. या वर्षीच्या सतरा सप्टेंबरला, नाहीतर स्नेहसंमेलनाला, एक गाणं असं ठेवा ज्याचे शब्द आणि चाल दोन्ही तुमच्या मुलांची आहेत. कार्यक्रमपत्रिकेत गाणाऱ्यांची नावं छापताच. त्यांच्या वर आणखी एक ओळ छापा, ‘चाल’, आणि तिच्यापुढे त्या मुलाचं किंवा मुलीचं नाव आणि इयत्ता.